मुनग्याच्या झाडावरून मेडिकल बोर्डापर्यंत

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी लकव्यावर मात वगैरे केलेली नाही. माझी पावलं घोट्याखाली अजूनही माझं ऐकत नाहीत, लघवीची नळी दिवसातून पाच वेळा माझी मलाच घालावी लागते, आणि वॉकरशिवाय मी दाराच्या कडीपर्यंतसुद्धा पोचत नाही. तरी भिलाईच्या सेक्टर सहाच्या बाजारात कोणी भेटलं की माझा खांदा धरून गदागदा हलवतो आणि म्हणतो, "सुधाकरभाऊ, तुमी म्हणजे विल पॉवरचं जितंजागतं उदाहरण हाव." अरे बाबा, आधी खांदा सोड, पडेन मी.

मागे एका मंडळाने माझा सत्कार केला. शाल दिली आणि नारळ दिला. दोन्ही हातांनी वॉकर धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नारळ कसा द्यायचा, हा विचार कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. शेवटी तो माझ्या काखेत कोंबला, आणि मी तो दाबून धरत भाषण ऐकत राहिलो. भाषण माझ्याचबद्दल होतं. त्यातला माणूस मला ओळखू आला नाही. तो म्हणे कधीच खचला नव्हता.

मी खचलो होतो. रडलो होतो, बायकोवर ओरडलो होतो, वरणाची वाटी भिंतीवर फेकली होती. ज्यांच्या घरात हे नुकतंच घडलंय त्यांना कोणीतरी हे सांगावं म्हणून लिहायला बसलोय. औषधं आणि ऑपरेशनं डॉक्टर समजावतील. मी बाकीचं सांगतो. चिडून सांगेन, तेवढं चालवून घ्या.

झाड

आमच्याकडे स्टील प्लांटमध्ये शिफ्ट सुरू होण्याआधी पाच मिनिटांचं सेफ्टी टॉक असतं. सगळे हेल्मेट घालून गोल उभे राहतात आणि एकजण बोलतो. उंचीवर चढाल तर बेल्ट लावा, पायात सेफ्टी शूज घाला, शिडी कोणालातरी धरायला सांगा. आमच्या सेक्शनमध्ये तो बोलणारा एकजण नऊ वर्षं मीच होतो. पोरं माझी नक्कल करायची.

तर असा मी, एका रविवारी सकाळी, क्वार्टरच्या मागच्या अंगणात, हवाई चप्पल घालून मुनग्याच्या झाडावर चढलो.

मुनगा म्हणजे पुण्यामुंबईकडचा शेवगा. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की मुनग्याचं लाकूड काकडीसारखं मोडतं, त्यावर माणसाने चढायचं नसतं. शेंगा आकडीने, म्हणजे हूक लावलेल्या लांब काठीने, काढायच्या. आमची आकडी तुटलेली होती. बायको, म्हणजे वंदना, खालून सांगत होती, "शेजाऱ्याईची आकडी आणा न जी, कावून चढून राहिले?" मी म्हटलं, एवढ्या चार शेंगांसाठी कोणाचं दार वाजवायचं? बेसन घालून भाजी करायची होती. फांदी मोडली तेव्हा माझ्या हातात तीन शेंगा होत्या.

पाठ कपडे धुण्याच्या दगडाच्या कडेवर आदळली. दुखलं, पण त्याहून वाईट म्हणजे कमरेखाली एकदम काहीच उरलं नाही. मी पायांकडे बघितलं, एक चप्पल गेली होती, आणि ती केव्हा गेली ते मला कळलं नव्हतं.

पुढचं ऐका, कारण हे महत्त्वाचं आहे. क्वार्टरच्या लाइनीतले चार शेजारी धावत आले. चौघंही प्लांटचे, चौघांनीही माझं सेफ्टी टॉक ऐकलेलं. पाठीला मार लागलेल्या माणसाला सपाट फळीवर घ्यायचं, वाकवायचं नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! मला श्वास पुरत नव्हता. तरी मी म्हणालो, "दार काढा... दार." म्हणजे न्हाणीघराचं पत्र्याचं दार उचकटा आणि त्यावर मला ठेवा. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "भाऊ दार काढा म्हणून राहिले, डोक्यालेई लागलं वाटते." मग एकाने काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, एकाने मधून कंबर उचलली, आणि मला घडी घालून ऑटोत बसवलं. हो, बसवलं.

पडल्यामुळे किती आणि उचलल्यामुळे किती, हे डॉक्टरांना नंतर सांगता आलं नाही. त्या चौघांवर माझा राग नाही, त्यांनी जीव तोडून मदत केली. पण तुमच्यासमोर कोणी पडलं तर कृपा करून दार काढा.

आता सेक्शनमध्ये सेफ्टी टॉक दुसरा कोणी घेतो, आणि उदाहरण म्हणून माझं नाव घेतो. मी इतरांना प्रेरणा देतो म्हणतात ती ही अशी.

टाचणी

रायपूरच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर टाचणी घेऊन आला. डोळे मिटा आणि टोचलं की सांगा, असं हिंदीत म्हणाला. छातीवर टोचलं, सांगितलं. पोटावर टोचलं, सांगितलं. मग बराच वेळ तो काहीच करेना. मी म्हटलं, "डॉक्टरसाब, टोचो ना." डोळे उघडून बघितलं तर माझ्या दोन्ही मांड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके होते.

त्या क्षणी मला कळलं. बाकीच्यांना सांगायला त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ घेतला. मणका फुटलाय, मज्जारज्जू दबलाय, पूर्ण तुटलेला दिसत नाही, ऑपरेशन करून सळया टाकू. वंदनाने एकच प्रश्न विचारला, की चालतील केव्हा? मोठ्या डॉक्टरांनी छताकडे बघत म्हटलं, "देखते हैं." हे "देखते हैं" पुढचे चौदा महिने आम्ही ऐकलं. मला त्या शब्दांचा इतका राग यायचा की घरात कोणी टीव्हीच्या संदर्भातही ते म्हटलं तरी मी भडकायचो. आज मला वाटतं की तो माणूस प्रामाणिक होता. त्याला माहीत नव्हतं.

ऑपरेशन झाल्यावर मी चादरीखाली हात घालून स्वतःची मांडी चिमटली. बोटांना मांडी लागत होती, मांडीला बोटं लागत नव्हती. मी पन्नाशीचा माणूस, सव्वीस वर्षं प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये गरम लोखंडाच्या बाजूला काम केलेला, आणि मी आईला हाक मारली. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दर दोन तासांनी

हॉस्पिटलची दिनचर्या सांगतो म्हणजे कोणाला धक्का बसणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर जखमा होतात. मला झालीच एक, माकडहाडावर, कारण पाहुणे बसलेले असताना मला कसं पलटवायचं म्हणून घरच्यांनी तीन-चार तास तसंच ठेवलं. पाहुण्यांची भीड ठेवू नका. त्यांना बाहेर काढा. लघवीला नळी. पोट साफ करायला एनिमा, तोही पडद्याआड आणि पडदा अर्धवट. सकाळी राउंड, दुपारी वरण-भात, संध्याकाळी भेटायला येणारे.

भेटायला येणाऱ्यांनी मला जेवढं छळलं तेवढं मणक्यानेही नाही. एकाने कसलंसं तेल आणलं ज्याला मेलेल्या उंदरासारखा वास येत होता. एकाने कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवली, आणि कबुतर मी आणून देतो म्हणाला. एक लांबची मावशी उशाशी बसून दोन तास तिच्या दिराच्या लकव्याची गोष्ट सांगत होती, आणि शेवटी कळलं की दीर वारला. जवळपास सगळे जाताना म्हणायचे, "हिम्मत ठेवा." कुठे ठेवू? लॉकरमध्ये?

चांगलं एकच आठवतं. वॉर्डात एक आयाबाई होती, बेमेतऱ्याकडची. एका दुपारी ती बादली आणि प्लास्टिकचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "चल भइया, मुड़ धो देथंव." सतरा दिवसांत माझं डोकं कोणी धुतलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष पायांकडे. तिने मानेखाली कागद घातला, कोमट पाणी ओतलं, नखांनी खसाखसा चोळलं. डोक्याला सगळं कळत होतं. पाणी, बोटं, साबण डोळ्यात गेलेला, सगळं. मी रडत होतो आणि तिला वाटलं साबणाने.

चाळीस

घरी आलो तेव्हा पुढच्या खोलीत लोखंडी पलंग टाकला होता आणि न्हाणीघराचा उंबरा फोडून टाकला होता. रोज व्हीलचेअर ऑटोत टाकून फिजिओथेरपीला न्यायचं काम माझ्या मेहुण्याने केलं. गजानन त्याचं नाव, वंदनाचा धाकटा भाऊ, भिलाईला लागूनच दुर्गला मोहन नगरात राहतो, कचेरीजवळ फॉर्म भरून देण्याचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सहा महिने त्याने सकाळचं दुकान उशिरा उघडलं. पुढे मी त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचताना हे लक्षात ठेवा.

फिजिओथेरपिस्ट निषाद मॅडम. उंचीने माझ्या छातीइतक्या, आवाज क्रेनच्या भोंग्यासारखा. पहिल्या दिवशी मी विचारलं, मी चालेन का. त्या म्हणाल्या, "पहले बैठना तो सीखो." मला राग आला. मग कळलं की खरंच मला बसता येत नव्हतं. हात सोडले की गोणीसारखा कलंडायचो.

तीन महिन्यांनी मांडीत काहीतरी फडफडलं. पाच महिन्यांनी गुडघा सरळ होऊ लागला. सांगायला सोपं वाटतं. मधले दिवस कसे होते सांगू? रोज तेच, रोज काहीच नाही. लोक जिद्द जिद्द म्हणतात ती मला तरी कधी वाटली नाही. मला संताप यायचा. पायाचा संताप, मॅडमचा संताप, व्यायामाच्या खोलीतल्या पिवळ्या भिंतीचा संताप. सकाळी उठून व्यायाम करायचो तो कुणाला तरी खोटं पाडायचं म्हणून. बहुतेक त्या "देखते हैं"वाल्याला.

मग पट्टे आले, घोट्याला आधार देणारे प्लास्टिकचे, आणि वॉकर. मॅडम म्हणाल्या की घरी रोज तीन वेळा उभं राहायचं आणि मोठ्याने मोजायचं. मी मोजताना घाई करतो हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, म्हणून मोजायचं काम वंदनाला दिलं. ही चूक होती. वंदना माझ्या मागे उभी राहायची, माझ्या कमरेच्या पट्ट्यापासून बोटभर अंतरावर हात धरून, आणि जगातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या घड्याळासारखी मोजायची. एक. मग विचार करून दोन. मी घामाघूम व्हायचो. "अगं, चार कावून नाई म्हणून राहिली?" "चार अजून झाले नाई," ती म्हणायची. आमची जन्माची सगळी भांडणं त्या मोजण्यावरून झाली. पहिल्या दिवशी सहा. दिवाळीच्या सुमारास वीस. तेराव्या महिन्यात चाळीस, आणि त्या दिवशी ती सरळ आत जाऊन शिरा करायला लागली.

यादव

त्याच दिवसांत निषाद मॅडमनी मला कामाला लावलं. कॅम्प-१ वस्तीतला एक दूधवाला, यादव, मोटरसायकलवरून पडला होता, माझ्यासारखाच मणका. तिशीतला माणूस. भिंतीकडे तोंड करून पडायचा, जेवायचा नाही. मॅडम म्हणाल्या, "जाके समझाओ." मी म्हटलं, मी काय समजावू, मीच वैतागलेलो आहे. त्या म्हणाल्या, "तो वही बताओ."

मी व्हीलचेअर त्याच्या पलंगाला लावली. त्याने वळून बघितलंसुद्धा नाही. मी प्रेरणा वगैरे काही दिली नाही. नळी स्वतः कशी घालायची, हात कसे धुवायचे, चार तासांचा गजर कसा लावायचा, झटके आले तर घाबरायचं कसं नाही, आणि सासरचे भेटायला आले की झोपेचं सोंग कसं घ्यायचं, हे सांगितलं. सोंगावर तो वळला. त्याने विचारलं, "भैया, आप चल पाओगे?" मी म्हटलं, माहीत नाही. "और मैं?" तेही माहीत नाही. त्याला बहुतेक ते बरं वाटलं, कारण तोवर सगळे त्याला सांगत होते की तू धावशील.

मग त्याने विचारलं, "ड्यूटी पे जाओगे वापस?" मी म्हटलं, "हाँ. बैठके करने का काम मिला तो जाऊँगा." हे मी त्याला ठामपणे सांगितलं. ते तेव्हा खरं होतं.

अनफिट

आता मुख्य गोष्ट.

प्लांटच्या घरांमध्ये एक समज पक्का आहे. नोकरीतला माणूस मेडिकल बोर्डाने कायमचा अनफिट ठरवला, तर घरातल्या एकाला त्याच्या जागी नोकरी लागण्याची आशा असते. लागतेच असं नाही, पण आशा असते, आणि भिलाईत या आशेवर लोक वर्षं काढतात. माझी मुलगी स्नेहल चोवीस वर्षांची, पॉलिटेक्निक झालेली, दोन वर्षं परीक्षा देत होती आणि एक-दोन मार्कांनी हुकत होती.

बोर्डाची तारीख आल्यावर गजानन फाइल घेऊन आला. सगळे कागद नंबर टाकून लावलेले. चहा घेताना तो म्हणाला, "भाऊजी, बोर्डासमोर फक्त बसून राहाचं. उभं राहाले सांगतलं त नाई होत म्हणाचं. वॉकर नेऊच नका."

मी म्हटलं, "पण मी उभा राहतो न बापू."

"तेच त प्रॉब्लेम हाये," तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. त्याने माझ्यासाठी सहा महिने दुकान अर्धवट चालवलं होतं आणि आता भाचीसाठी हा कागद लावला होता. मला एवढंच कळत नव्हतं की चौदा महिने उभं राहायला शिकवल्यावर बसून राहा हे मला सगळ्यांनी मिळून कसं सांगितलं.

स्नेहलला विचारलं तर ती उसळली. "मेरे को बीच में मत लाओ. बाबा गिरे और नोकरी मले? मग रोज गेटमधून आत जाताना मी काय सोचू?" आणि दार आपटून शिकवणीला गेली. वंदना म्हणाली, "तिले काय समजते. उद्या समजन."

मी चिडलो. भयंकर चिडलो. मी म्हटलं, मी आजारी असतो तोवर सगळे म्हणतात उठा, आणि उठलो की म्हणतात बसा. माझ्या पायांचा निर्णय माझे पाय सोडून सगळे घेतात. त्या आठवड्यातही वंदना रोज तीन वेळा माझ्या मागे उभी राहून मोजत होती. शेहेचाळीस झाले.

खरं सांगायचं तर मला कामावर परत जायचं होतं. मिलच्या आवाजात, डबा उघडून चौघांबरोबर जेवायला. पोरीचं नुकसान करून जायचं का, हे मात्र मला ठरवता येत नव्हतं.

बोर्ड

त्या सकाळी वंदनाने मला शर्ट घातला, केस विंचरले. पट्टे पायांना न बांधता पिशवीत टाकले. बोर्डाच्या पत्रात सगळी साधनं आणा असं लिहिलं होतं, म्हणून वॉकरही खुर्चीच्या मागे बांधला, गजाननच्या मनाविरुद्ध. मग ती खाली बसली आणि माझ्या पावलांवर डोकं टेकवलं.

"मी पाया पडतो तुमच्या. पोरीच्या जन्माचं हाये. डॉक्टरनं उठा म्हटलं, त नाई म्हणा. एकडाव म्हणा."

तिचं कपाळ माझ्या पावलावर होतं आणि मला ते नुसतं दिसत होतं, कळत नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं. म्हणतो."

खोलीत टेबलामागे तीन डॉक्टर. गजाननला बाहेर थांबवलं, वंदनाला खुर्ची ढकलायला आत येऊ दिलं. मधल्या डॉक्टरांनी कागद चाळले, पाय वाकवून बघितले, हातोडी मारली. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "खड़े हो पाते हैं?"

मला यादव आठवला. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं आणि म्हणालो, "नहीं सर."

"सहारे से भी नहीं? वॉकर तो लाए हैं."

"नहीं होता सर."

सोपं गेलं. किती सोपं गेलं याची मला आजही लाज वाटते. डॉक्टरांनी मान हलवली, पेन उचललं आणि लिहायला लागले. तेवढ्यात माझी खुर्ची हलायला लागली. मला वाटलं पायांना झटका आलाय. पण खुर्चीच्या मुठी वंदनाच्या हातात होत्या.

"झूठ बोलते हैं ये," ती म्हणाली.

पेन थांबलं.

"चालीस तक खड़े रहते हैं. परसों छियालीस हुआ. मैं खुद गिनती हूँ साब, रोज तीन बार. ऐसे कैसे नहीं होता?"

मी मागे वळून म्हटलं, "अगं, तूनंच त..."

"तुमी चूप बसा!" तिने पिशवी सोडली, जमिनीवर मांडी घातली आणि पट्टे बांधायला लागली. इतके आवळून की पायाला कळत असतं तर मी ओरडलो असतो. डॉक्टर म्हणाले, "मैडम, ज़बरदस्ती नहीं है." ती म्हणाली, "है."

वॉकर समोर आला. मी हातांवर जोर देऊन उठलो. गुडघे अडकले. वंदना माझ्या मागे गेली आणि तीन डॉक्टरांसमोर, सरकारी भिंतींच्या खोलीत, मराठीत मोजायला लागली. एक. दोन. तिच्या त्याच गतीने. डावीकडचे डॉक्टर दक्षिणेकडचे असावेत, ते गोंधळून बघत होते. विसाला मधले डॉक्टर खुर्चीतून उठून टेबलाच्या पुढे आले, मी पडलो तर धरायला. तिसाला घाम डोळ्यात गेला. मला वाटत होतं आता बस म्हणतील, कोणीच म्हणेना. चाळीस झाले. शेहेचाळीस झाले. त्रेपन्नला डावा गुडघा सुटला आणि मी खुर्चीत आदळलो.

मग मधल्या डॉक्टरांनी आधीचा कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि विचारलं की बसून करायचं कोणतं काम जमेल. त्या कागदामुळे मी आज स्टोअरच्या खिडकीत बसून हत्यारांच्या पावत्या करतो. त्याच कागदामुळे स्नेहलला प्लांटची नोकरी मिळाली नाही. ती दुर्गला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते आणि अजून परीक्षा देते आहे. पेपर चुकला की त्या दिवशी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नाही. सत्काराच्या भाषणात हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

बाहेर व्हरांड्यात गजानन फाइल छातीशी धरून उभा होता. त्याने माझ्या पायातले पट्टे बघितले. ऑटो बघतो म्हणाला आणि निघून गेला.

वंदना पदराने तोंड पुसत होती. चौदा महिन्यांचा राग एकदम वर आला. मी म्हटलं, "सकाळी पाया कोण पडलं होतं? मले खोटं बोलाले लावलं, आन मी बोललो त तीन डॉक्टरांसमोर मलेच खोटारडा ठरवलं! तुले पाहिजे तरी काय?"

"मले का मालूम," ती माझ्याहून मोठ्याने ओरडली, "तुमी इतक्या आरामात नाई म्हणसान म्हणून!"

व्हरांड्यातले लोक बघायला लागले. तिने आवाज खाली केला.

"तुमी नाई म्हटलं न, त मले वाटलं, खरंच नाई होत."

मी विचारलं, "स्नेहलले काय सांगाचं?"

"सांगीन मी." तिने खुर्ची वळवली. "पाय वर घ्या आधी. खाली लोंबून राहिला, चाकात जाईन."

मी खाली बघितलं. उजवा पाय खुर्चीच्या पायरीवरून घसरला होता. मी हात न लावता, मांडीला जोर देऊन तो उचलला आणि वर ठेवला.